नौतप्यातली सहल

आमच्या मंडळाची छायाचित्र सहल मेच्या शेवटच्या रविवारी निघायची, म्हणजे ऐन नौतप्यात. सुट्टीत पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना हे कळलं की ते आधी हसत आणि मग विचारत, "पाऊस पडल्यावर का जात नाही?" रास्त प्रश्न. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की २५ मेच्या सुमारास सुरू होणारे ते नऊ दिवस इंदूरकर पडदे ओले करून घरात काढतात. पण मंडळातले निम्मे लोक मास्तरकीतले, त्यांना सुट्टी तेव्हाच. शिवाय गणपतीत फोटोंचं प्रदर्शन लावायचं, तर रोल धुणं, प्रिंट निवडणं, मोठे करून घेणं, माउंट करणं यात जून-जुलै सहज जाई. सहल मेमध्ये असण्याचं कारण एवढंच. त्यामागे काही कलादृष्टी होती असं पुढे स्मरणिकेत छापून आलं, ते कोणी मनावर घेऊ नये.

गंमत अशी, की मंडळाच्या कपाटात आज जे काही बघण्यासारखं आहे ते त्या चुकीच्या महिन्यातलंच. पावसाळ्यातलं पाताळपाणी, म्हणजे महूजवळचा धबधबा, कोणीही काढावं आणि ते बरं यावं. धबधबा, हिरवळ, धुकं, झालं. असे ढीगभर फोटो समोर ठेवले तर आपला कुठला, ते काढणाऱ्यालाही सांगता येऊ नये. मेमधला माळवा मात्र काहीच फुकट देत नाही.

पहाटे चारला रामबागेच्या कोपऱ्यावर मेटाडोर उभी राही. चार म्हणजे चार, कारण त्या दिवसांत इकडे पावणेसहाच्या आत सूर्य वर येतो आणि आठनंतर कॅमेरा पिशवीत ठेवला तरी चालतो. कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं, इंदूर त्याच्या किंचित दक्षिणेला. त्यामुळे जूनच्या सुरुवातीला भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशीच संपते. सावली नाही म्हणजे उठाव नाही. टेकडी सपाट, झाड सपाट, माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. म्हणून सकाळचे दोन-अडीच तास आणि संध्याकाळचे दोन, एवढंच आमचं कामाचं ऊन. मधला सगळा दिवस जेवण, झोप, पत्ते आणि भांडणं.

भांडणं बहुतेक रोलवरून. मंडळ दोघांत मिळून एक रोल देई. ३६ फ्रेम, वाट्याला १८. कॅमेराही बहुधा जोडीत एकच, त्यामुळे एकाने सकाळीच हात सैल सोडला की दुसऱ्याची संध्याकाळ गेली. "ए भिया, त्या म्हशीवर तीन घालवल्यास तू, माझ्या खात्यातल्या!" असे हिशेब झाडाखाली चालत. उरलेले रोल खजिनदार असलेल्या बँकेतल्या काकांकडे. तापलेल्या गाडीत रोल राहिला तर रंग बिघडतात, म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, स्टीलच्या डब्यात बंद करून, डबा ओल्या पंच्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलेले असत. डबा सहीशिवाय उघडत नसे. बँकेची सवय.

कोणी कुरकुरलं की काका लाला दीनदयाळांना बोलावून आणत. दीनदयाळ मूळचे मेरठकडचे, रुडकीला शिकलेले आणि इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला. १८७४ च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हाती धरला, आणि पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना 'राजा' केलं. "तो माणूस काचेच्या प्लेटा सांभाळत अख्खा मध्य भारत हिंडला. आणि तुम्हाला अठरा पुरत नाहीत?" काकांचं हे वाक्य महू येण्याच्या आत एकदा तरी होई. आम्ही पोरं ते त्यांच्याबरोबर म्हणत असू.

सहलीचा खरा धाक मात्र ड्रॉइंगच्या बाईंचा. बाईंनी आयुष्यात कॅमेरा घेतला नाही. त्यांच्या पर्समध्ये एक काळा पुठ्ठा असे, मध्ये चौकोनी खिडकी कापलेला. "आधी यातून बघ. मग डबीला हात लाव." देवलालीकरांनी १९२७ मध्ये इंदुरात सुरू केलेली चित्रशाळा, तिथून निघालेले बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर ही नावं त्यांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी. चिंचाळकर गुरुजी वाळकी पानं, काटक्या, फुटकीतुटकी वस्तू यांतून चित्रं उभी करत. बाईंनी तोच नाद आम्हाला लावला. पाताळपाणीच्या उतारावर सागाची पानं गळून पडलेली असत, पायाखाली मोठ्याने कुरकुरणारी. त्यातलं एक उचलून बाई उन्हात धरत, शिरा दाखवत आणि विचारत, "ऊन कुठून येतंय?"

"वरून, बाई."

"मग कॅमेरा बंद कर आणि पन्हं पी."

पाताळपाणीला आम्ही पुष्कळदा छोट्या लाइनच्या गाडीने जायचो, विशेषतः वर्गणी कमी जमलेल्या वर्षी. या रेल्वेसाठी तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोट रुपये कर्ज दिलं होतं, तेही १०१ वर्षांच्या मुदतीने. ही माहितीही काकांचीच, व्याजाच्या दरासकट. मेमध्ये धबधबा पार आटलेला. तळाच्या कुंडात हिरवं, न हलणारं पाणी आणि त्यावर काळ्या पाषाणाची उघडी भिंत. पाणी असतं तेव्हा ही भिंत दिसतच नाही. तिच्यात थरावर थर आहेत, मधूनच तांबूस पट्टे, आणि जिथून धार पडते तिथे वरपासून खालपर्यंत पांढुरके ओघळ. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या भिंतीची एकेक कंगोरी वेगळी दिसते. पुढे कालाकुंडला उतरून पानातला कलाकंद खायचा आणि परतीच्या गाडीची वाट बघायची. ती वेळेवर आल्याचं कोणालाही आठवत नाही.

जानापावला जायचो ते संध्याकाळसाठी. साडेआठशे मीटरांच्या आसपास उंची, चंबळेचा उगम, परशुरामाचं स्थान. वर वारा असा, की ट्रायपॉडला दगड भरलेली पिशवी लटकवल्याशिवाय इलाज नाही. इथेच आमच्यातल्या शहाण्यांची फिल्टरांवरची, म्हणजे लेन्सवर लावायच्या रंगीत काचांवरची, श्रद्धा उडाली. पुस्तकात वाचून कोणी पिवळा, कोणी लाल फिल्टर आणलेला, धूसरपणा कापायला. पण तो इलाज निळसर धूसरपणावर चालतो, हवेतल्या अगदी बारीक कणांमुळे येणाऱ्या. मेमधला आमचा धूसरपणा नांगरलेल्या शेतांच्या धुळीचा. धुळीचे कण मोठे, ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून तो पांढुरका दिसतो आणि कुठल्याच काचेला दाद देत नाही. मग उरतो एकच मार्ग, सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं. मावळतीला विंध्याच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात. जवळची काळी, पुढची राखाडी, त्यापुढची जेमतेम शंका यावी इतकी. ज्या धुळीला दिवसभर शिव्या दिल्या तीच रांगेपासून रांग वेगळी करते. जुलैच्या धुतलेल्या हवेत या सगळ्या टेकड्या एकमेकींना चिकटून बसतात.

वीज काढायची हौस सगळ्यांना. शटर उघडं ठेवून वाट बघायची, यात कौशल्य थोडं आणि चिकाटी फार. पण काकांचा नियम कडक होता. लखलखाट दिसला की मोजायला लागायचं. आवाज एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो. तीस मोजायच्या आत गडगडाट आला की ट्रायपॉड मिटून गाडीत. डोंगरमाथ्यावर लोखंडी तिकाटणं धरून उभं राहणाऱ्याला मंडळ हार घालील, एवढंच ते म्हणत.

आणि मांडव. आता सगळे मांडूच म्हणतात, पण जुन्या माणसांच्या तोंडी मांडवच. दोन तलावांमधला जहाज महाल मेमध्ये पुष्कळदा गाळात रुतलेला असे, त्यामुळे त्याच्यावर फ्रेम घालवायची नाही हा अलिखित नियम. मांडवची खुरासानी चिंच, म्हणजे आफ्रिकेतून आलेली बाओबाबची झाडं, तेव्हा निष्पर्ण असतात, आणि तशीच बघावीत. पानं आली की त्यांचा निम्मा रुबाब जातो. सुजलेलं खोड, वर तुटपुंज्या फांद्या, झाड कुणी घाईत उलटं पुरून गेल्यासारखं. बाईंचा काळा पुठ्ठा या झाडांपाशी सगळ्यात जास्त फिरे.

एका वर्षी तिथे दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेचं आभाळ तपकिरी झालं. डाल-बाफले खाऊन निम्मी मंडळी सतरंजीवर आडवी होती. आंधी आली ती सतरंजीसकट सगळं घेऊन. लेन्स बदलायला कोणी बसलं होतं त्याला काकांनी अक्षरशः हाताला धरून मेटाडोरमध्ये कोंबलं. कॅमेऱ्याच्या पोटात धूळ गेली की प्रत्येक फ्रेमवर रेघ येते. काचा बंद, आत वीसेक माणसं, वहिन्यांच्या डब्यांतली कैरीची डाळ कोणाच्या तरी झब्ब्यावर. मग टपोरे थेंब, आणि अर्धा तास मुसळधार.

पाच वाजता आम्ही रूपमती मंडपावर चढलो. ही जागा मांडवच्या दक्षिण टोकाला, खाली हजारेक फूट कडा आणि त्यापुढे निमाडचं मैदान. नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय मांडवची राणी रूपमती अन्न घेत नसे, म्हणून हा मंडप, अशी कथा. मेमधल्या सहलीत आम्ही ती नेहमी चेष्टेवारी न्यायचो, कारण नर्मदा सोडाच, खालचं गावही धड दिसत नसे. त्या दिवशी धूळ बसली होती, हवा गार होती, तापलेल्या जमिनीवरची थरथर थांबली होती. ढगाच्या कडेखालून पश्चिमेचं ऊन मैदानावर सरकत आलं आणि पार टोकाला एक पांढरी रेघ चमकली. कोणीतरी "नर्मदे हर" म्हणालं, मग सगळेच म्हणाले.

रोल बहुतेकांचे संपलेले. उरले असतील त्यांची धांदल, कारण पुढे उजळलेलं मैदान आणि वर शिसवी आभाळ. काळ्या आभाळावर उजेड मोजायचा मीटर धरला तर कॅमेरा फसतो आणि ऊन पांढरंफटक होतं. काका ओरडत होते, "तळहातावर मीटर धरा, एक स्टॉप उघडा!" म्हणजे मीटर सांगेल त्याच्या दुप्पट उजेड आत घ्या. त्यांच्याकडे मात्र फ्रेमा शिल्लक होत्या, डबाच त्यांचा. त्यांनी नर्मदा काढली नाही. मागे सरकून त्यांनी आमच्या पाठी काढल्या. कठड्याला रेललेली माणसं, उंचावलेले हात, एकीचा सुटलेला पदर, आणि सगळ्यांच्या पलीकडे ती रेघ, असली तर असली.

गणपतीत मंडपाच्या मागच्या हॉलमध्ये सुतळी बांधून लाकडी चिमट्यांनी फोटो लावत. खाली नाव नाही, फक्त आकडा. आरतीला येणारा प्रत्येक जण चिठ्ठी टाकणार. काकांच्या त्या फोटोसमोर लोक आपापली पाठ शोधत उभे राहायचे, आणि ही माझी नव्हे, तुझी, यावर वाद. कोरड्या पाताळपाणीच्या फोटोपुढे गल्लीतल्या एक आजी थबकल्या. "पाणीच नाही, मग काढलंत कशाला?" असं म्हणून त्या पुढे गेल्या, परत आल्या, आणि लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सगळे जण याच कुंडाकाठी बाफले भाजत बसले होते ते सांगत राहिल्या. पहिल्या नंबरला बक्षीस स्टीलचा डबा, आणि पुढच्या वर्षी माठ उचलण्याचा मान. दुसरा नंबर जास्त सुखाचा.

आता रोल नाहीत, मेटाडोर नाही. काका आणि बाईही नाहीत. पोरं फोनवर सकाळच्या सकाळी दोनशे काढतात. मंडळाने एक मात्र राखलं आहे. प्रदर्शनासाठी १८ च द्यायचे, आणि ते त्याच संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये निवडायचे. निवडताना होणारी भांडणं पूर्वीइतकीच झकास असतात. माझा आक्षेप फक्त त्या 'डीहेझ'च्या पट्टीला. एक बोट सरकवलं की धूळ गायब, मागच्या रांगा पुढच्या रांगांना जाऊन चिकटतात, आणि जानापाव कुठलाही डोंगर होऊन बसतो. हे मी दर वर्षी बोलतो. पोरं "हो काका" म्हणतात आणि बोट सरकवतात.

वार्षिक सभेत एखादा नवा सभासद सहल जुलैत नेण्याचा ठराव मांडतोच. यंदाही मांडला. जुलैत पाताळपाणीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, वर पाऊस झाला की कुंडात अचानक लोंढा येतो, शिवाय तिथले फोटो सगळ्यांकडे आहेत, असं उत्तर त्याला मिळालं आणि तेवढ्यात पोहे-जिलेबी आली. मिनीबस मेच्या शेवटच्या रविवारची ठरली आहे. ट्रायपॉड ज्याचा त्याने आणायचा, माठ मंडळाचा.