गारदी म्हणजे नक्की कोण? तुम्ही विचारलंत म्हणून

श्रीवर्धनला पेशव्यांचं स्मारक बघायला लोक येतात, बोलता बोलता विषय नारायणरावांच्या खुनावर जातो, आणि मग मला हमखास विचारतात, ते गारदी म्हणजे कोण हो, जात होती का ती?

जात नाही आणि धर्मही नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात १८ वर्षांच्या नारायणरावांना मारणाऱ्यांत सुमेरसिंग होता, खडकसिंग होता आणि महंमद इसफ पण होता, नावंच बघा ना. गारदी म्हणजे कवायती पायदळातला पगारी शिपाई. शब्द युरोपातून आलाय, फ्रेंच गार्द, पोर्तुगीज ग्वार्दा, इंग्रजी गार्ड, सगळे एकाच घराण्यातले. 'भाऊगर्दी'तली गर्दी वेगळी हं, ती फारसीतली.

आता शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला सरकारी घोडा मिळायचा. आमच्या कोकणातले हेटकरी महाराजांच्या पायदळात मावळ्यांच्या जोडीने लढले, बंदुकीचा नेम पक्का, पण त्यांचं घरदार इथेच घाटाखाली होतं. गारद्याचं इथे ना गाव ना वतन, त्याच्या हातात फक्त महिन्याचा पगार, त्यामुळे पगार थकला की सगळंच बिघडायचं. शनिवारवाड्यात पण ते थकलेल्या पगाराचं निमित्त करूनच घुसले, कट मात्र घरातल्यांचा होता, आणि न्यायाधीश रामशास्त्र्यांनी नारायणरावांच्या काकांना, राघोबादादांना, तोंडावर दोषी ठरवलं ते उगाच नाही.

पण त्या एका दिवसामुळे गारदी म्हटलं की लोकांना मारेकरीच आठवतो, राजकारणात तर सरळ शिवीसारखा वापरतात, आणि मला ते मनापासून खटकतं. कारण त्याच्या १२ वर्षं आधी पानिपतावर इब्राहिमखान गारदी होता ना! फ्रेंच बुसीच्या हाताखाली तयार झालेला, आधी निजामाकडे आणि मग मराठ्यांकडे. अब्दालीच्या बाजूने असलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवलंय की १४ जानेवारी १७६१ ला लढाईच्या आधी इब्राहिमखान मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, माझ्या माणसांना दरमहा पगार द्याच असा हट्ट धरतो म्हणून आपण रागावता, या महिन्याचा तर मिळालाच नाही, पण असू दे, आज आमचं काम बघा. आणि खरंच त्याच्या पलटणी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर तुटून पडल्या, बहुतेक गारदी तिथेच मेले, तो स्वतः जखमी होऊन सापडला आणि नंतर अफगाणांच्या कैदेत संपला. पगार थकलेलाच होता तेव्हाही.