पाचवा हंगाम: चारशे चौरस मीटर आणि एक पावली

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गव्हाची कापणी उरकली आणि शेतमालकांचा निरोप आला: नांगर फिरेपर्यंत शेत तुझं. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या पूर्वेकडचं हे शेत. चिकण माती, ओढ्याकडे उतार, वरच्या बांधाला लागून चर्चकडे जाणारी जुनी पायवाट. मेटल डिटेक्टर घेऊन मातीतल्या जुन्या वस्तू शोधण्याचा इथला माझा हा पाचवा हंगाम. आधीच्या चार हंगामांची जमा वहीत आहे: शिशाच्या गोळ्या, कोटांची बटणं, जॉर्ज राजांच्या काळातली गुळगुळीत तांब्याची नाणी, दोन अंगुस्ताने, एक रोमन ब्राँझ नाणं. चांदी मात्र एकदाही नाही.

दर वर्षी मी अख्खं शेत पालथं घालायचे. पायवाटेजवळ आलं की डिटेक्टर लोखंडाची घरघर सुरू करायचा, मी कंटाळून पुढे सरकायचे. यंदा वही चाळताना लक्षात आलं की जिथून मी पळ काढत होते तिथेच खिळे जास्त आहेत, आणि खिळे असतात तिथे माणसं वावरलेली असतात. मग ठरवलं, त्याच जागी २० बाय २० मीटरचा चौकोन आखायचा आणि पूर्ण महिना त्यातच काढायचा. चार खुंट्या, दोरी आणि दोरीला धरून शोधाच्या ओळी, आधी उभ्या, मग आडव्या.

यंत्र तेच, मिनलॅबचं इक्विनॉक्स ८००. फक्त ११ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) काढून ६ इंची लावली. यामागचं कारण नव्यांसाठी जरा सविस्तर सांगते. कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत विजेचे बारीक भोवरे उठतात आणि त्यांचंच क्षेत्र आपल्याला आवाज होऊन ऐकू येतं. मोठ्या कॉइलखाली खिळा आणि चांदीचा कपचा एकाच वेळी येतात, आणि खिळा चांदीचा आवाज गिळून टाकतो. लहान कॉइल दोघांना वेगळं पाहू शकते. खोली कमी मिळते, ते सोसायचं. शिवाय लोखंडाचा आवाज मी बंद ठेवत नाही. घरघर चालू असली तरच तिच्यामधून येणारी बारीक 'टुक' ओळखता येते.

७ सप्टेंबर. चार तासांत दोनच ओळी पुऱ्या झाल्या. खिळे, शिशाचे थेंब आणि कापणी यंत्राने चिंधड्या केलेले अॅल्युमिनियमचे डबे. माती दगडासारखी.

१४ सप्टेंबर. बुधवारी-गुरुवारी पाऊस होऊन गेलेला, शनिवारी छान वाफसा होता. तिसऱ्या आडव्या ओळीत एक आवाज आला, पुसट. धातूचा अंदाज देणारा यंत्रावरचा आकडा ४ आणि ७ मध्ये हलत होता. चॉकलेटच्या चंदेरी कागदालाही हाच आकडा येतो, त्यामुळे एरवी मी तो सोडला असता. नव्वद अंशांत वळून पुन्हा कॉइल फिरवली तर फक्त घरघर. परत पहिल्या दिशेने फिरवली, परत टुक. फावड्याने ऐसपैस ढेकूळ काढलं (गेल्या वर्षी घाईत एक सुंदर बकल मी पात्याखाली कापलं होतं, ते अजून सलतं) आणि हाताने फोडत गेले. एका अर्ध्यात वाकडा खिळा. दुसऱ्या अर्ध्यात, करंगळीच्या नखाएवढा, पापडासारखा पातळ, करडा त्रिकोण. दोन बाजू सरळ, तिसरी गोलसर.

तो मी चोळला नाही, हे मुद्दाम सांगते. बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब सोडले, बस्स. एका अंगाला दुहेरी रेघांच्या क्रॉसचा कोपरा, त्यात तीन ठिपके, कडेला तीन अक्षरं: एल, व्ही, एन. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याच्या चांदीच्या पेनीचा कापलेला चौथा हिस्सा. हेन्रीने १२४७ मध्ये क्रॉस पार कडेपर्यंत नेला, म्हणजे कुणी कडेची चांदी कातरली तर लगेच दिसावं. लोकांना त्याच रेघांवर नाणं कापणं सोयीचं झालं: दोन तुकडे केले की अर्धी पेनी, चार केले की फार्दिंग. फार्दिंग या शब्दाचा मूळ अर्थच चौथा भाग. म्हणजे ही अक्षरशः आपली पावली! पुढे १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने गोल फार्दिंग पाडायला घेतलं आणि ही कापाकापी मागे पडली. तीन अक्षरांवरून टांकसाळ बहुधा लंडनची.

ती इथे आली कशी? मला वाटतं शेणखतातून. घरातला केर उकिरड्यावर, उकिरडा शेतात, हे मराठवाड्यातल्या माझ्या आजोळी मी डोळ्यांनी पाहिलंय. इथेही तसंच चालायचं.

तुकडा उचलण्याआधी जीपीएसवर जागेचा दहा अंकी नकाशा-संदर्भ घेतला. दहा अंक म्हणजे एका मीटरपर्यंत अचूक. सुटं एक नाणं कायद्याने 'ट्रेझर', म्हणजे कळवायलाच हवा असा ठेवा, ठरत नाही, तरी मी ते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या अधिकाऱ्यांकडे नोंदवायला दिलं. तीनशे वर्षांहून जुनी चांदीची दोन नाणी एकाच ठिकाणच्या ठेव्यातली असती, तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे १४ दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागलं असतं. जागेची नोंद नसली तर ही पावली म्हणजे चांदीचा एक कपचा, आणि या मुद्द्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. आमच्याच जिल्ह्यातलं हॅलटन बघा. २००० मध्ये केन वॉलेस यांना शेतात आधी खापरं दिसली, मग डिटेक्टरवर नाणी लागली. त्यांनी खणत न बसता पुरातत्त्ववाल्यांना कळवलं. म्हणूनच पाच हजारांहून जास्त नाण्यांबरोबर डुकरांच्या हाडांचे ढीग आणि रोमन घोडदळाचं शिरस्त्राणही जागच्या जागी अभ्यासता आलं, आणि ते पूजास्थान होतं हे कळलं. मार्केट हारबरोच्या संग्रहालयात ते शिरस्त्राण एकदा तरी पाहून या.

गावाकडून विचारणा होते, आपल्याकडे डिटेक्टर आणू का? कृपा करून आणू नका. भारतातल्या १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, आणि संरक्षित जागी खणणं हा गुन्हाच आहे. पहिल्या पावसानंतर तेर किंवा पैठणच्या बाजूला शेतात नाणं उघडं पडलेलं दिसलं, तर जागेवर फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि कळवा. आणि तेरला गेलात तर रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय चुकवू नका.

२८ सप्टेंबर. चौकोन संपला. आणखी एक कापलेली अर्धी पेनी, छोट्या क्रॉसची, म्हणजे १२४७ च्या आधीची, आणि पट्ट्याचं एक ब्राँझ टोक. अर्धी पेनी पावलीपासून १५ मीटरवर आणि वेगळ्या काळातली, तरी दोन्हींची जागा दाखवून अधिकाऱ्यांना विचारलं. त्यांच्या मते दोन्ही वेगवेगळ्या वेळी पडलेली.

संध्याकाळी शेतमालकांना पावली दाखवली. त्यांच्या घराण्यात हे शेत चार पिढ्या आहे. जाड तळव्यावर तो कपचा ठेवून ते बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले, मग म्हणाले, "यावर मी दर वर्षी नांगर घातलाय." पुढच्या ऑगस्टसाठी पायवाटेच्या पलीकडचा चौकोन त्यांनीच पावलं टाकून मोजून दिला. नांगरट झाली, पेरणीही झाली, आता कापणीपर्यंत शेत बंद. शिशाच्या तुकड्यांची पिशवी टेबलावर आहे, हिवाळ्यात ती निवडायची.