खरबूज, हातोडा आणि दहा मात्रा

भयपटातला सगळ्यात निरुपयोगी आवाज कुठला, तर किंकाळी. हे कळायला मला आठ महिने लागले आणि एक अख्खी हार्ड डिस्क भरली.

सुरुवातीला वाटलं होतं, किंकाळ्या गोळा करायच्या, खाली दणदणीत किक (मोठ्या ड्रमचा ठोका) लावायची, झालं रीमिक्स. चाळीसएक किंकाळ्या कापून ठेवल्या. फोल्डरही केले: ‘लांब’, ‘तुटक’, ‘बाई’, ‘बुवा’, ‘दाराआडून’. एकेक सुटी ऐकली की काटा यायचा. ठेक्यावर बसवली की पहिल्या फेरीला दचकायला होतं, दुसऱ्या फेरीला कान तयार असतो आणि चौथ्या फेरीला ती एसटीच्या कंडक्टरची शिट्टी होते. बाबा पलीकडच्या खोलीतून म्हणाले, “झालं का गं तुझं भुतांचं भजन?” घाबरलेला माणूस असं विचारत नाही.

मी साताऱ्यात कानांच्या तपासण्या करते. आवाजबंद केबिनमध्ये माणूस बसवायचा, हेडफोन लावायचे, ‘आवाज आला की बटण दाबा’ म्हणायचं, आणि काचेच्या अलीकडे बसून एकेक सूर १० डेसिबलने खाली, ५ ने वर असं करत त्याच्या कानाचा तळ शोधायचा. दिवसभर हेच. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून जुन्या भयपटांचे आवाज कापते आणि त्यातून नाचता येईल (किंवा नाचता येणार नाही) असं काहीतरी बनवते. दोन्ही कामांचा एकमेकांशी संबंध आहे हे बरंच उशिरा लक्षात आलं.

किंकाळीचं शास्त्र आधी सांगून टाकते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की किंकाळीचा जोर सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा झपाट्याने कमीजास्त होत असतो. ही खरखरीत थरथर साध्या बोलण्यात फारशी नसते, म्हणून ती मेंदूला धोक्याची वाटते. पण ही खरखर दुसऱ्या कुठल्याच वाद्याला शेजारी बसू देत नाही. किंकाळीचा मला एकच उपयोग सापडला: ती चौपट सावकाश करायची. सूर दोन सप्तकं खाली येतो, थरथर सुटीसुटी होते आणि कुणीतरी जड कपाट फरशीवरून ओढतंय असं वाटतं. तेवढं ठेवलं. बाकीचे फोल्डर उडवले.

मग काय वापरायचं? मी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’कडे वळले, आणि कारण खरं सांगायचं तर कलात्मक नव्हतं. १९६८ चा जॉर्ज रोमेरोचा हा कृष्णधवल सिनेमा पेनसिल्व्हेनियात जेमतेम पैशात काढलेला. त्याचं आधीचं नाव वेगळं होतं. ते बदलताना नव्या नावाची पाटी केली आणि जुन्या पाटीवरची हक्काची (कॉपीराइटची) ओळ नव्या पाटीवर टाकायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने ओळ नाही तर हक्क नाही. सिनेमा प्रदर्शित होताच तिथे सार्वजनिक मालकीचा झाला. एका ओळीच्या विसरभोळेपणाने दिग्दर्शकाचं किती नुकसान झालं असेल ते असो, पण आवाज कापणाऱ्या लोकांना जगभर अंगण मोकळं झालं. त्यातली कबरस्तानात भाऊ बहिणीला चिडवतो ती ओळ तर इतक्या गाण्यांत येऊन गेली आहे की मी तिला हात लावला नाही. पार्श्वसंगीतही सोडलं, कारण ते या सिनेमासाठी केलेलं नाही, तयार संगीताच्या साठ्यातून विकत घेतलेलं आहे. त्याची मालकी ही वेगळी भानगड.

मी घेतल्या तीन गोष्टी. पहिली, रेडिओवरच्या बातम्या. प्रेतं उठून माणसं खातायत हे तो निवेदक बाजारभाव सांगावेत तसं सांगतो. त्याच्या कोरड्या आवाजापुढे सगळ्या किंकाळ्या फिक्या. दुसरी, बाहेरच्या रात्रीतले रातकिडे. तिसरी, हातोडा. प्रेतांपासून वाचायला एका घरात अडकलेला नायक बेन दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकत सुटतो. किती तरी वेळ फक्त ठोकणं. मला आयती किक मिळाली.

इथे माझी फजिती झाली. पहिल्यांदा काम केलं ते घरात पडलेल्या जुन्या डीव्हीडीवरून. हातोड्याचा एक ठोका ताणून तानपुऱ्यासारखा सूर काढला, त्याला बेस मिळवला, दोन आठवडे घातले. मग इंटरनेटवर स्वच्छ प्रत मिळाली म्हणून बातम्यांचा तुकडा तिच्यातून घेतला, तर काही म्हणजे काही जुळेना. निवेदक अचानक शांत झालेला, आवाज खाली उतरलेला. मी आधी स्वतःच्या कानांवर संशय घेतला (आमच्या धंद्यात हा संशय स्वस्त असतो, यंत्र समोरच असतं). मग डोक्यात प्रकाश पडला. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, आपल्याकडची टीव्हीची ‘पाल’ पद्धत २५ ची. डीव्हीडी करताना सिनेमा नुसता चार टक्के पळवला होता. वेग चार टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराच्या दोन तृतीयांशापेक्षा किंचित जास्त चढतो. म्हणजे पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळतो, कुठल्याच पट्टीला सापडत नाही. लहानपणी केबलवर पाहिलेल्या कितीतरी इंग्रजी सिनेमांतली माणसं मी अशीच चढ्या आवाजात ऐकली असणार! सगळं पुन्हा केलं. पुन्हा करताना जीव जळत होता, कारण मला चुकलेला सूरच जास्त भुताटकीचा वाटत होता.

हातोड्याकडे येते. बेन सरळ लयीत ठोकत नाही. एक ठोका, मग फळी सावरतो, मग दोन पटापट, मग खिळा शोधतो, मग काही नाही. सॉफ्टवेअरमध्ये सगळे ठोके एका झटक्यात ग्रिडवर, म्हणजे समान अंतराच्या रेघांवर, नेऊन बसवता येतात. मी बसवले. मिनिटाला १२४, चारचा ठेका, प्रत्येक ठोका जिथल्या तिथे. ऐकलं तर अनंत चतुर्दशीची मिरवणूक. वर रातकिडे झांजांसारखे. बाबा येऊन दारात उभे राहिले आणि मान डोलवायला लागले.

तेव्हा केबिन आठवली. तपासणीत एक पथ्य असतं: सूर ठरावीक अंतराने सोडायचे नाहीत. कधी दोन सेकंदांनी, कधी पाच, कधी लगेच. एकसारख्या अंतराने सोडले तर माणूस तिसऱ्या सुरानंतर लय पकडतो आणि ऐकू येवो न येवो, वेळ झाली की बटण दाबतो. अंतर मोडलं की तो पुढे झुकतो, श्वास धरतो, डोळे मिटतो. त्या केबिनमध्ये मी काही सोडलेलं नसताना बटण दाबणारे लोक रोज भेटतात. खोटं नाही बोलत ते. शांततेत त्यांना खरंच काहीतरी ऐकू आलेलं असतं. हे सगळं मी नव्या शिकाऊ मुलींना समजावून सांगते, आणि घरी येऊन हातोडा ग्रिडला चिकटवत बसले होते.

म्हणून उलटं केलं. हातोडा होता तसा सोडला आणि बाकीच्यांना त्याच्या मागे धावायला लावलं. बेस त्याच्या प्रत्येक ठोक्याला दबतो, निवेदक त्याच्या फटीतून बोलतो. नाचायला अवघड आहे हे कबूल.

अवघड ठेक्यावरून ‘हॅलोविन’ निघणारच. १९७८ चा हा भयपट, त्याचं संगीत सिनेमाच्या दिग्दर्शकाने, जॉन कार्पेंटरनेच केलेलं, तेही तीनएक दिवसांत. पियानोचा तो तुकडा पाच मात्रांचा आहे, दुगुणीत मोजलं तर दहा. हा ठेका त्याला वडिलांनी बोंगोवर शिकवलेला. मी शाळेत असताना तीन वर्षं तबला शिकले, त्यामुळे दहा म्हटलं की मला झपताल: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन-तीन-दोन-तीन. कार्पेंटरचा तुकडा मात्र तीन-तीन-दोन-दोन असा पडतो. पहिले दोन तीन-तीन ऐकून आपण रेलून बसतो, तेवढ्यात पुढचे दोन घाई करतात आणि सम आपण तयार व्हायच्या आत येते. कार्पेंटरने सांगितलं आहे की संगीत घालायच्या आधी त्याने हा सिनेमा एका मोठ्या स्टुडिओतल्या अधिकाऱ्याला दाखवला होता, आणि त्या व्यक्तीला अजिबात भीती वाटली नव्हती. या धुनेची चारच्या ठेक्यात कोंबलेली क्लबातली रीमिक्सं मी ऐकली आहेत. दोन मात्रा कापल्या की उरतो तो दरवाजाच्या घंटीचा आवाज.

दुसऱ्यांच्या कामाबद्दल बोलायचं तर संगीताचा तुकडा उचलणं मला तुलनेने सोपं वाटतं. बस्टा ऱ्हाइम्सने १९९८ मध्ये हिचकॉकच्या ‘सायको’ या भयपटाच्या सुरुवातीच्या तंतुवाद्यांवर रॅप केलं. जस्टिस या फ्रेंच जोडीने २००७ च्या ‘फँटम’मध्ये ‘टेनेब्रे’ या १९८२ च्या इटालियन सिनेमाचं संगीत चिरडून घातलं. दोन्ही मला भयंकर आवडतात, पण तिथे अर्धं काम मूळ संगीतकाराने केलेलं आहे. व्हँकुव्हरच्या स्किनी पपी या बँडने ऐंशीच्या दशकात भयपटांतले संवाद आणि आवाज गाळात बुडवल्यासारखे वापरले. ते ऐकताना मला घर झाडावंसं वाटतं. ही स्तुती आहे.

‘सायको’चे आवाज मी घेऊ शकत नाही, ते कुणाच्या तरी मालकीचे आहेत. पण कृती कुणाच्या मालकीची नसते. १९६० च्या त्या सिनेमात न्हाणीघरात खून होतो, तिथल्या सुरीच्या आवाजासाठी वेगवेगळ्या जातींची खरबुजं भोसकून पाहिली गेली आणि हिचकॉकने ऐकून कसाबा जातीचं निवडलं. एप्रिलात मी पोवई नाक्यावरच्या गाडीवरून तीन खरबुजं आणली. कसाबा कुठलं मिळणार, आपलं जाळीच्या सालीचं. ओट्यावर माइक लावला, खाली टॉवेल, फ्रिज बंद. पहिलं फार पिकलेलं होतं, नुसता ‘पच्’. दुसरं बरोबर: आधी सालीचा कडक टवका, मग आतली ओल. तिसरं भोसकणार तोच बाबा आले.

“अगं, एवढी कसली दुश्मनी?”

“बाबा, रेकॉर्डिंग चालू आहे, बोलू नका.”

“बरं. पण ते बिया काढून मला दे.”

हे संभाषण फाइलमध्ये आहे आणि ‘मला दे’ मी गाण्यात ठेवलं आहे, उलटं करून.

मग पाकीट. ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये (१९७३) मुलीची मान गर्रकन फिरते तेव्हाचा कडकड आवाज गोन्झालो गाविरा या मेक्सिकन ध्वनिकाराने कार्ड भरलेलं जुनं चामड्याचं पाकीट माइकजवळ पिळून काढला होता. बाबांचं पाकीट बत्तीस वर्षांचं आहे. त्यात पॅन, आधार, दोन एटीएम, एका बंद पडलेल्या पतसंस्थेचं ओळखपत्र आणि आईचा पासपोर्ट साइजचा फोटो. फोटो काढून ठेवला आणि पिळलं. इतका नेमका मणका मोडला की मी पाकीट टेबलावर ठेवून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

या पाककृतींची मजा अशी की नमुना म्हणून आपण जे उचलतो तेही मुळात दुसऱ्याच कशाचं सोंग असतं. ‘द बर्ड्स’मध्ये (१९६३) पार्श्वसंगीत नाहीच, आणि पक्ष्यांचा बराचसा कलकलाट ऑस्कर साला नावाच्या जर्मन माणसाने ट्राउटोनियम या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवलेला आहे. म्हणजे त्यातला चित्कार कापून कुणी आपल्या गाण्यात घातला तर तो कावळा उचलत नसतो, सिंथेसायझरचा आजोबा उचलत असतो.

गाणं जूनमध्ये पुरं झालं. सहा मिनिटं दहा सेकंद. बाबा एकाहत्तरचे आहेत आणि कानाची तपासणी तीन वर्षं टाळतायत, म्हणून सौदा केला: एका रविवारी दोघं दवाखान्यात जायचं, तपासणी करून घेतलीत तर त्याच हेडफोनमध्ये गाणं ऐकवते. तपासणीचा आलेख अपेक्षेप्रमाणे निघाला. खालचे सूर ठणठणीत, ३००० हर्ट्झनंतर उतार, ४००० च्या पुढे कडाच. मग ऑडिओमीटरला लॅपटॉप जोडला. हातात बटण होतंच, गंमत म्हणून सांगितलं, “दचकलात तर दाबा.”

काचेपलीकडून मी बघत होते. सात वेळा दाबलं. चार हातोड्याला, एक पाकिटाला. किंकाळीला एकदाही नाही. उरलेल्या दोन वेळा मात्र तिथे काही नव्हतंच: ठोक्यांमधली लांब फट, त्यात फक्त पेनसिल्व्हेनियाचे रातकिडे. आणि रातकिडे ४००० च्या वर. मला तिथे भरलेली रात्र ऐकू येते, बाबांना काहीच नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, “मधे दोनदा कशाला दाबलंत?”

“कुणीतरी थांबलं होतं ना तिथे,” ते म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले.

त्या रात्री रातकिड्यांची पट्टी बंद करून दुसरी प्रत काढली. फाइलचं नाव ‘बाबा’.