पोरांना नांदूर मध्यमेश्वरला न्याच

थंडीत पोरांना मॉलमध्ये फिरवण्यापेक्षा एकदा नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात न्या. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळ बंधारा बांधला, गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं आणि त्यातूनच ही पाणथळ जागा तयार झाली, २०२० मध्ये तर ती महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. चापडगावला आसपासच्या गावातलेच गाईड भेटतात, त्यांना आवर्जून सोबत घ्या. आमच्या गाईडदादांनी लेकीला स्कोपमधून चमचा पक्षी दाखवला, अर्धवट उघडी चोच पाण्यात डावीकडे-उजवीकडे फिरवत चाललेला, "चोचीला काही लागलं की पटकन मिटतो बघ ताई," आणि ती तिथून हलेचना! शाळांनीही सहल जरूर न्यावी, फक्त अख्खा वर्ग पक्षी बघायच्या एकाच मनोऱ्यावर चढवू नका प्लीज, छोटे गट करा आणि सकाळी लवकर पोचा.