गिझर चालू असतानाच शॉक

नाशिकरोडची जुनी इमारत, तिसरा मजला. वहिनींची तक्रार एकच: गिझर बंद असला की काही नाही, चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या. गिझर नवा घेतला, तरी तेच.

वीज ठेकेदाराचा परवाना माझ्या नावावर आहे. सोबत दोघं होते. एक आयटीआयचा दोन वर्षांचा वीजतंत्रीचा कोर्स केलेला, तारतंत्रीचा परवाना नुकताच मिळालेला पोरगा. दुसरे आमचे काका. शाळा सुटली तेव्हापासून हातात पक्कड. कागद मात्र एकही नाही.

पोरानं डिजिटल मीटर लावला. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) यांच्यात २२९ व्होल्ट. "सप्लाय ओके आहे, साहेब."

काकांनी पिशवीतून १०० वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प काढून जोडला. "आता गिझर टाक." बल्ब एकदम मंद झाला. "मीटर काही करंट ओढत नाही रे. लोड पडल्यावर बघायचं असतं." आणि ते तडक खाली मीटरच्या खोलीत गेले. जळका वास त्यांना दारातच आला म्हणे. मेन स्विचच्या पुढे ॲल्युमिनियमच्या केबलला तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली, न्यूट्रलचा जॉइंट काळाठिक्कर.

मी काकांना शाबासकी देणार, तोच पोरानं वर बोलावलं. मेन बंद झाल्यावर त्यानं गिझरचं सॉकेट उघडलं होतं. अर्थच्या पिनेतून वायरचा तुकडा सरळ न्यूट्रलला. अर्थिंगची, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणारी, वायर घरात आलेलीच नाही! म्हणजे कच्च्या जॉइंटमुळे न्यूट्रलवर चढलेला व्होल्टेज गिझरच्या पत्र्यावर आणि तिथून नळावर. तो जॉइंट पुरता सुटला असता तर नळावर जवळजवळ पूर्ण २३० आले असते.

काका म्हणाले, "अर्थिंग नसेल तिथं आम्ही असाच लूप मारतो. न्यूट्रल तरी शेवटी ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीतच जातो ना?"

जातो. पण तो वाटेतच सुटला तर काय, हे काकांना कोणी शिकवलं नाही आणि अनुभवही शिकवू शकला नसता. लूप मारून वायरमन निघून जातो, न्यूट्रल सुटतो तो पुढं कधीतरी, आणि शॉक बसतो भलत्यालाच. एवढ्यासाठी तरी वर्ग हवा, असं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

परवान्याची बाजू मी फार ताणणार नाही. काम परवानाधारक ठेकेदारानं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं, हे १९५६च्या वीज नियमांतही होतं, आजही आहे. तरी सह्या भाड्यानं मिळतातच. या इमारतीच्याही वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टवर कोणाची तरी सही असणारच.

जॉइंटला बायमेटल लग (ॲल्युमिनियम आणि तांबं नीट जोडणारे तुकडे) लावले, अर्थिंगची वेगळी वायर ओढली, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवली. सेक्रेटरी म्हणाले, "आता सगळ्या बिल्डिंगचा रिपोर्ट सही करून द्या, बाकीचं नंतर बघू." म्हटलं, आधी प्रत्येक घरातली सॉकेटं उघडू. काका आणि पोरगा तळमजल्यापासून सुरू झालेत.