तुम्ही विचारलंत म्हणून: टीम मधल्या जागांपासून बांधायची

कॅलिफोर्नियात बे एरियात राहते आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स ह्या बेसबॉल टीमची फॅन आहे म्हटलं की समोरचा मराठी माणूस हमखास एकच विचारतो, मग तो पुण्यात बसून आयपीएल बघणारा असो नाहीतर इथे नुकताच आलेला, की अहो तुमच्या टीमकडे एवढा पैसा आहे, मग लॉस एंजेलिसच्या डॉजर्ससारखे स्टार का नाही उचलत, तो जपानी सुपरस्टार ओहतानी तिकडे गेलाच कसा? आणि त्याच्या मागोमाग, बरं तुमच्या हातात टीम दिली तर तुम्ही कशी बांधाल? दर वेळी घाईत काहीतरी सांगते आणि ते अर्धवटच राहतं, म्हणून आता एकदा नीट लिहिते.

माझं म्हणणं असं की कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारा), पिचर (बॉल टाकणारा) आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर), म्हणजे मैदानाच्या मधल्या जागांवरचे, घरचे पाहिजेत. घरचे म्हणजे आपण ड्राफ्टमध्ये (दर वर्षी टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात) घेतलेले किंवा पोरवयात साइन केलेले, आपल्या मायनर लीगमध्ये, म्हणजे खेळाडू तयार करणाऱ्या खालच्या टीममध्ये, वाढलेले. लेफ्ट फील्ड (बाहेरच्या मैदानाची डावी बाजू), फर्स्ट बेस, बेंचवरचे बॅटर, इथे एक-दोन वर्षांसाठी कोणी आणला तरी भागतं. मोठा चेक फाडायचाच असेल तर हे सगळं जागेवर असताना, त्याच्या आधी नाही.

आयपीएलवरून अंदाज बांधणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो. तिथे सगळ्यांना सारखी पर्स, दर तीनेक वर्षांनी मेगा ऑक्शन, बरीचशी टीम मोडते आणि परत बसते. मेजर लीग बेसबॉलमध्ये ऑक्शनही नाही आणि पगारावर कडक मर्यादाही नाही, एका आकड्याच्या वर गेलात तर लक्झरी टॅक्स भरायचा एवढंच (२०२५ ला तो आकडा २४.१ कोटी डॉलर होता). पण खरी गंमत पगाराच्या घड्याळात आहे. पोरगा मेजर लीगमध्ये आला की सहा वर्षांची सर्व्हिस पूर्ण होईपर्यंत तो तुमचा. त्यातली पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास, मग तीन वर्षं आर्बिट्रेशन (लवाद), म्हणजे पगार वाढतो पण बाजारभावापेक्षा कमीच, आणि त्यानंतर तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमकडे जायला मोकळा. आता बहुतेक खेळाडू वर येतात तेवीस-चोवीसला, म्हणजे फ्री एजंट होईपर्यंत तिशी आलेली असते, आणि त्यांची सगळ्यात चांगली वर्षं साधारण सव्वीस ते एकोणतीस. म्हणजे बाजारात तुम्ही जो विकत घेता तो बरेचदा उतरणीला लागायच्या बेतात असतो, आणि पैसे मात्र त्याने आधी दुसऱ्या टीमसाठी जे केलं त्याचे देता.

आमच्याकडे ह्याचं उदाहरण म्हणजे पिचर बॅरी झिटो. २००६ च्या डिसेंबरमध्ये सात वर्षांसाठी १२.६ कोटी डॉलर, तेव्हा पिचरला दिलेलं सगळ्यात मोठं कॉन्ट्रॅक्ट. २०१० ला टीम प्लेऑफमध्ये गेली तेव्हा त्याचं नाव खेळाडूंच्या यादीतच नव्हतं. वर्षाला सरासरी १.८ कोटी घेणारा माणूस बाहेर बसला आणि वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, मॅच सुरू करणारे पिचर कोण? टिम लिन्सकम, मॅट केन, जोनाथन सांचेझ, मॅडिसन बमगार्नर. चौघंही जायंट्सने स्वतः ड्राफ्ट केलेले, सांचेझ तर २७ व्या राउंडचा. चौथ्या मॅचला, टेक्सासमध्ये, बमगार्नर २१ वर्षांचा आणि त्याचे बॉल झेलणारा कॅचर बस्टर पोझी २३ चा, दोघंही रुकी, म्हणजे नवखे. बमगार्नरने (नऊ इनिंग्जच्या मॅचमध्ये) आठ इनिंग्जमध्ये एकही रन दिला नाही. असा दिवस तुम्ही फ्री एजन्सीत विकत घेऊच शकत नाही, कारण त्या वयाची पोरं तिथे विकायलाच नसतात. (झिटोने २०१२ ला सेंट लुइसमध्ये हरायच्या दारातून टीम परत आणली, मग वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच जिंकून दिली, त्याबद्दल मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण टीम त्याच्यावर उभी नव्हती.)

कॅचरवर माझा एवढा जोर का हे खूप जणांना कळत नाही, त्यांना होमरन (म्हणजे बॉल थेट कुंपणापलीकडे) मारणारा दिसतो फक्त. कॅचर प्रत्येक बॉलला सामील असतो. कोणता पिच मागायचा, कोणत्या बॅटरला काय चालत नाही, आपला पिचर आज कशावर विश्वास ठेवतोय आणि कशावर नाही, हे सगळं त्याच्याकडे असतं, आणि पिचरबरोबर मायनर लीगपासून वाढलेल्या कॅचरला ते निम्मं आधीच माहीत असतं. २०११ च्या मे महिन्यात होम प्लेटवरच्या (बॅटर उभा राहतो आणि रन पूर्ण होतो त्या जागेवरच्या) धडकेत पोझीचा पाय मोडला, आदल्या वर्षीची चॅम्पियन टीम त्या वर्षी प्लेऑफलासुद्धा गेली नाही. २०१२ ला तो परत आला, लीगचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) झाला, बॅटिंग टायटल घेतलं, आणि आम्ही परत चॅम्पियन. एका माणसाने सगळं होतं असं मी म्हणत नाही, पण ती जागा रिकामी पडली की काय होतं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

आता एक प्ले सांगते, जमलं तर व्हिडिओ शोधून बघा. २०१४ ची वर्ल्ड सिरीज, कॅन्सस सिटी, सातवी मॅच, २-२ स्कोअर, तिसरी इनिंग. पहिल्या बेसवर कॅन्सस सिटी रॉयल्सचा लोरेन्झो केन, बॅटिंगला एरिक हॉस्मर. हॉस्मरने बॉल मधून सणसणीत मारला, तो सेंटर फील्डला जाणारच होता. आमचा सेकंड बेसवरचा जो पॅनिक आडवा झेपावला, बॉल ग्लोव्हमध्ये आला, आणि उठायला वेळ नाही, हातात घ्यायला वेळ नाही, म्हणून त्याने पोटावर पडल्या पडल्या ग्लोव्हनेच बॉल शॉर्टस्टॉप ब्रँडन क्रॉफर्डकडे फेकला, क्रॉफर्डने बेसवर पाय ठेवून फर्स्टला ब्रँडन बेल्टकडे. हॉस्मर डोकं पुढे करून सरपटत आला, अंपायर सेफ म्हणाला, आमचा मॅनेजर ब्रूस बोचीने रिप्ले मागितला आणि निर्णय फिरला. डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोन आउट. पॅनिक, क्रॉफर्ड, बेल्ट, तिघंही आमच्या ड्राफ्टमधले, एकाच मायनर लीग सिस्टीममधून वर आलेले. क्रॉफर्ड तिथे नेमका कुठे असेल हे पॅनिकला बघावं लागलंच नाही.

आणि त्याच मॅचमध्ये पुढच्या इनिंगला पाब्लो सँडोवालला घरी आणणारा, म्हणजे शेवटी जिंकून देणारा रन मिळवणारा सिंगल (एका बेसपुरता फटका) कोणी मारला? मायकेल मोर्सने, जो एका वर्षासाठी ६० लाख डॉलरवर आणलेला होता. मग पाचव्या इनिंगला बमगार्नर बुलपेनमधून (बदली पिचर तयार होतात तिथून) आला आणि पाच इनिंग्ज संपवूनच थांबला. मी जे सांगतेय ते सगळं त्या एका रात्रीत आहे, आत घरची पोरं आणि कडेला कामापुरता आणलेला माणूस.

लेफ्ट फील्डचं तर ऐकाच. २००७ ला आमचा नेहमीचा लेफ्ट फील्डर बॅरी बाँड्स टीममधून गेला, त्यानंतर २००८ पासून २०२५ पर्यंत ओपनिंग डेला आमच्या लेफ्ट फील्डमध्ये दर वर्षी नवा माणूस. डेव्ह रॉबर्ट्स (हो, आज डॉजर्सचा मॅनेजर आहे तोच), फ्रेड लुइस, मार्क डेरोसा, पॅट बरेल, ऑब्री हफ, आंद्रेस टोरेस, मोर्स, आओकी, अशी यादी चालूच. लोक ह्यावर चिडतात, मला कधीच राग आला नाही, कारण ह्याच काळात तीन वर्ल्ड सिरीज आल्या. २०१० ला तर ऑगस्टमध्ये मार्लिन्सने सोडलेला कोडी रॉस वेव्हरवर (टीमने सोडलेल्यांच्या यादीतून) उचलला आणि तो एनएलसीएसचा, म्हणजे वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीचा, एमव्हीपी झाला. बरेलला तर टॅम्पाने सोडून दिलं होतं. आउटफिल्डच्या कडांना असे लोक सापडतात, दर वर्षी सापडतात. पोझी असा सापडत नाही.

म्हणून ट्रेडच्या, म्हणजे टीमांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, बाबतीत मी कडक आहे. जुलैमध्ये डेडलाइन आली की सगळ्यांना घाई होते. २०११ ला आम्ही दोन महिन्यांसाठी कार्लोस बेल्ट्रान आणला आणि बदल्यात झॅक व्हीलर दिला, पहिल्या राउंडचा पिचर, जो पुढे फिलाडेल्फियाचा एस, म्हणजे हुकमी पिचर, झाला. बेल्ट्रानने बॅटिंग चांगली केली, टीम प्लेऑफला गेली नाही, तो हिवाळ्यात निघून गेला. आणि २०१८ च्या जानेवारीत, ९८ मॅच हरलेल्या टीमने आणखी थोडं रेटायचं म्हणून तिशी ओलांडलेला अँड्र्यू मकचेन आणला आणि ब्रायन रेनॉल्ड्स पिट्सबर्गला दिला, तो तिथे ऑल-स्टार झाला. ह्या दोन्ही ट्रेडचं मला आजही वाईट वाटतं. उलट २०१२ बघा, मार्को स्कुटारो आणि हंटर पेन्स दोघंही जुलैमध्येच आणले, दोघांशिवाय ती वर्ल्ड सिरीज झालीच नसती, पण बदल्यात गेलेल्यांपैकी कोणी आमचा कणा नव्हता. ट्रेड करू नका असं नाही, काय देताय ते बघा.

आता डॉजर्स. फॅन म्हणून मला ते आवडणं शक्य नाही, पण "ते नुसते विकत घेतात" हे चूक आहे. ओहतानीला ७० कोटी दिले हे सगळ्यांना दिसतं (त्यातले ६८ कोटी पुढे ढकलून द्यायचेत, तेही लोक विसरतात). २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टोरोंटोला सातव्या मॅचच्या ११ व्या इनिंगला निर्णायक होमरन मारणारा विल स्मिथ हा त्यांनी स्वतः २०१६ ला ड्राफ्ट केलेला कॅचर आहे. परत कॅचर! मॅक्स मन्सी तर दुसऱ्यांनी रिलीज केलेला होता. त्यांच्याकडे पोरं वाढवणारी यंत्रणा आहे आणि तिच्यावर ते पैसा ओततात. फक्त पैसा ओतला की काय होतं ते २०२३ च्या न्यूयॉर्क मेट्सने दाखवलं, तोपर्यंतच्या इतिहासातला सगळ्यात महाग पगार, शर्झर आणि व्हरलँडर हे दोन नामांकित पिचरही, आणि ७५ जिंकून ८७ हरले, त्या दोघांनाही डेडलाइनला विकलं.

मग मुद्दाम हरून वरचे ड्राफ्ट पिक गोळा करायचे का, ह्यूस्टनसारखे? ते २०११ ते २०१३ सलग तीन वर्षं शंभरच्या वर मॅच हरले आणि २०१७ ला जिंकले, असं लोक मला ऐकवतात. मला हे अजिबात पटत नाही. तिकीट काढून पोरांना घेऊन येणाऱ्या माणसाला तीन वर्षं तुम्ही जाणूनबुजून वाईट खेळ दाखवणार? आणि त्याची गरजही नाही, लिन्सकम आणि बमगार्नर दोघंही १० व्या नंबरचे पिक होते, केन २५ वा, क्रॉफर्ड चौथ्या राउंडचा, आता आमचा मुख्य पिचर लोगन वेबसुद्धा चौथ्या राउंडचा. निवड आणि त्यानंतरची मेहनत महत्त्वाची. दुसऱ्या नंबरचा पिक म्हणून २०१८ ला घेतलेला जोई बार्ट पोझीची जागा भरेल असं सगळ्यांना वाटलं होतं, नाही जमलं, आणि ती जागा पुढे १३ व्या नंबरच्या पॅट्रिक बेलीने घेतली, २०२४ चं गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फील्डिंगचं बक्षीस) त्याचं.

ही मेहनत बघायची असेल तर सॅन होजेला जा, आमची लो-ए (मायनर लीगच्या खालच्या पायरीची) टीम तिथे खेळते. जुनं काँक्रीटचं मैदान, बार्बेक्यूचा धूर, आणि बुलपेन इतकं जवळ की बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज छातीत जाणवतो. पोझी आणि बमगार्नर २००९ ला इथेच होते. तिथे मी बॅटर बघत नाही, कॅचर बघते. पिचरने दोन वॉक दिले (चुकीचे बॉल टाकून बॅटरला फुकट बेस दिला) की कॅचर कधी उठून माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, जातो, बॉल जमिनीवर आपटला की अंगावर घेतो की नुसता ग्लोव्ह मागे नेतो. वीस वर्षांचं पोरगं असतं, अर्ध्या वेळेला त्याची आणि पिचरची भाषाही वेगळी असते, एक व्हेनेझुएलाचा आणि एक टेनेसीचा, आणि ते खाणाखुणांवर आणि तोडक्यामोडक्या स्पॅनिशवर सगळं जमवतात.

आता पोझीच टीमच्या बेसबॉल ऑपरेशन्सचा प्रेसिडेंट आहे, म्हणजे कोणते खेळाडू घ्यायचे ते तो ठरवतो, २०२४ च्या शरदापासून. त्याने विली अडामेसला सात वर्षांसाठी १८.२ कोटी दिले, शॉर्टस्टॉपला, ते मी समजू शकते, कारण घरचा तयार नव्हता आणि ती जागा रिकामी ठेवता येत नाही. २०२५ च्या जूनमध्ये राफाएल डेव्हर्स आणला, बॅट जबरदस्त आहे, पण बदल्यात गेलेल्यांत काइल हॅरिसन होता, ईस्ट बेमधल्या शाळेत शिकलेला डावखुरा पिचर, आणि ते मला खरंच लागलं. त्या वर्षी शेवटी हिशोब झाला ८१ जिंकले, ८१ हरले. तेव्हा माझ्या हातात टीम दिलीत तर ब्राइस एल्ड्रिजसाठी, आमच्या ड्राफ्टमधल्या तरुण बॅटरसाठी, फोन आला तर मी उचलणारही नाही, वेबच्या मागे दुसरा आणि तिसरा पिचर आपल्याच सिस्टीममधून काढीन, त्यासाठी मायनर लीगचे कोच, पोरांचं जेवण, राहायची सोय ह्यावर आधी पैसे लावीन, आणि लेफ्ट फील्डला खुशाल परत एकोणिसावा माणूस उभा करीन.