स्कोअर न देणारी कंपनी: आमची वाटचाल

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही ३६० अंशांचे व्हिडिओ करतो, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवला की चहूबाजूंनी दिसणारे. नातेवाईक अंगावर धावून येतात, डॉक्टर सीपीआर थांबवायला सांगतात, असले प्रसंग. कॅमेरा सहा लेन्सचा. तो बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावायचा, कारण बघणारी मुलगी खुर्चीतच असते; वर लावला की तिला अधांतरी वाटतं. कॅमेरा हलवायचा नाही, गरगरतं. कलाकार फार जवळ आला की स्टिचिंगच्या रेषेवर, म्हणजे दोन लेन्सची चित्रं जोडतात तिथे, त्याचा चेहरा चिरतो, आणि नेमका रडणारा बापच जवळ यायला हवा असतो! मग एका लेन्सच्या बरोबर समोर जमिनीवर चिकटपट्टी लावून त्याची जागा बांधून टाकायची.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नर्सिंगच्या एक प्राध्यापिका. पहिला व्हिडिओ बघून मॅडम एवढंच म्हणाल्या, "छान. आता हेडसेट काढल्यावर पोरींनी काय करायचं?" तिथून कामच बदललं. काय दिसणार ते आधी सांगायचं, नको झालं तर हेडसेट काढायची मुभा द्यायची, आणि नंतर डीब्रीफिंग, म्हणजे जे पाहिलं त्यावर शिकलेल्या माणसासोबत चर्चा, तेही व्हिडिओपेक्षा जास्त वेळ. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबॉम यांच्या स्ट्रेस इनॉक्युलेशनचा, म्हणजे ताण पेलायला तयार करण्याच्या पद्धतीचा, क्रमही असाच आहे: आधी ताण समजून घ्या, तो पेलायची कौशल्यं शिका, मग थोडाथोडा ताण अंगावर घ्या.

मधली वर्षं बरी गेली.

२०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. एकाच्या तोंडावरचं यंत्र दुसऱ्याने लावायचं, हे कोणाला चालणार? त्यात ज्या स्वस्त हेडसेटवर आमचा सगळा डोलारा होता, तोही त्याच वर्षी बाजारातून गेला. पगार थकले. मॅडमनी तेवढा करार चालू ठेवला. "मोबाईलवर दाखवा, पण चर्चा सोडू नका," म्हणाल्या.

त्याच सुमारास, आमचाच डेमो बघून गेलेल्या एका कंपनीने तेच प्रसंग बाजारात आणले. डीब्रीफिंग गाळलं, कारण त्याला शिकलेला माणूस लागतो, आणि शेवटी भावनिक सक्षमतेचा स्कोअर जोडला. शंभरपैकी! खरेदी समितीला आलेख आवडतो. आमची जुनी कॉलेजं तिकडे गेली, हे अजून सलतं. मेलेल्या बाळाच्या आईसमोर गप्प झालेल्या मुलीला बेचाळीस गुण देऊन घरी पाठवायचं, म्हणजे काय शिकवायचं?

मॅडम निवृत्त झाल्या, तरी प्रत्येक संहिता त्यांच्याकडे जाते. परवाच्या प्रसंगातलं संगीत त्यांनी काढायला लावलं. वॉर्डात व्हायोलिन वाजत नाही, म्हणाल्या.

आणि कोणाकडूनही घ्या, पण हेडसेट खिडकीत ठेवू नका. लेन्समधून ऊन आत गेलं की पडदा जळतो, आणि लेन्स स्पिरिटने पुसायची नाही, कोरड्या मऊ कापडाने पुसायची.